तीन मडक्यांचं कंपोस्टर, ठाण्याच्या बाल्कनीत, पावसाळ्यासकट

आधी निकालच सांगतो म्हणजे घाईत असलेल्यांचं काम होईल. तीन मडक्यांचं मातीचं कंपोस्टर, म्हणजे स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्याचं खत करणारा सेट, फ्लॅटमध्ये चालतं, नीट चालतं, घरात वास येत नाही आणि ठाण्याच्या पावसाळ्यातसुद्धा चालतं. फक्त एक अट आहे. जून लागायच्या आत घरात दोन-तीन गोणी सुका पाला भरून ठेवलेला पाहिजे. तो नसेल तर कितीही महागाचा सेट घ्या, जुलैत आत चिखल होणार, वास येणार, घरातले ओरडणार आणि महिन्याभरात ती मडकी माळ्यावर नाहीतर वॉचमनच्या केबिनमागे जाणार. आमच्या आजूबाजूच्या बिल्डिंगांमध्ये असे सोडून दिलेले सेट मी पाहिलेत म्हणून एवढं लांबलचक लिहायला बसलोय, कारण वस्तू चांगली आहे आणि दोष तिचा नसताना लोक ती टाकून देतात.

कंपनीचं नाव लिहीत नाही कारण हे डिझाइन बरेच जण विकतात, थोड्याफार फरकाने सगळे सारखेच, आणि नर्सरीत तर बिननावाचेच सेट मिळतात. मला साधारण अडीच हजाराला पडला, त्यात सुरुवातीला वापरायला कोकोपीटच्या, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाच्या, विटा आणि एक पावडरचं पाकीट आलं होतं. आम्ही पाचपाखाडीच्या बाजूला राहतो, घरात चार माणसं, बाल्कनी पश्चिमेची. ही बाल्कनीची दिशा मुद्दाम सांगतोय, पुढे कामाला येईल.

रचना सोपी आहे. तीन मडकी एकावर एक. खालचं बंद बुडाचं, वरच्या दोघांना बूडच नाही, तिथे जाळी बांधलेली, बाजूला हवेसाठी भोकं, वर झाकण. रोजचा ओला कचरा सगळ्यात वरच्यात टाकायचा, त्यावर सुका माल टाकायचा, झाकून ठेवायचं. वरचं भरलं की मधल्याशी अदलाबदल करायची. नवीन वरचं भरेपर्यंत मधल्यातलं अर्धवट कुजतं, मग वरचंही भरलं की मधल्यातलं खालच्यात ओतायचं, तिथे ते निवांत पक्व होत राहतं. चौघांच्या घरात दिवसाला पाऊण-एक किलो ओला कचरा सहज निघतो पण त्यात बहुतेक भाग पाणीच असतं, त्यामुळे रात्री गळ्यापर्यंत भरलेलं मडकं दोन दिवसांत पुन्हा खाली बसलेलं दिसतं, सुरुवातीला आमच्या घरी सगळ्यांना याचंच नवल वाटायचं. चाळून वापरता येईल असं खत व्हायला उन्हाळ्यात दोन-अडीच महिने लागतात, पावसाळ्यात तीनच्या पुढे.

आता मातीचंच का घ्यायचं, प्लास्टिकचा डबा स्वस्त पडतो ना? फरक भिंतीत आहे. भाजलेली माती सच्छिद्र असते, माठात पाणी गार होतं ते ज्या कारणाने, त्याच कारणाने कचऱ्यातला जादा ओलावा मडक्याच्या अंगातून बाहेर निघून जातो. प्लास्टिकच्या डब्यात हे होत नाही म्हणून त्याला खाली नळ देतात आणि ते काळं पाणी तुम्हाला वरचेवर काढावं लागतं. मडक्याला ऑक्टोबर ते मे जवळजवळ काहीच पाणी सुटत नाही. हा याचा सगळ्यात मोठा गुण.

पण हाच गुण जुलैत संपतो, आणि हे विकणारा सांगत नाही. ठाण्यात एका मोसमात अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, भर पावसाळ्यात हवेतच एवढा ओलावा असतो की धुतलेले कपडे तीन दिवस वाळत नाहीत, मग मडक्याच्या भिंतीतून पाणी उडणार कुठे. त्यात पावसाचा वारा येतो नैऋत्येकडून, म्हणजे पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या बाल्कन्यांना तिरपा मार बसतो, मडकं बाहेरूनच भिजतं. मग जे काम माती करत होती ते कुणीतरी दुसऱ्याने करायला पाहिजे, आणि ते करतो सुका पाला. उन्हाळ्यात कचऱ्याच्या एका वाटीला एक वाटी पाला पुरतो, पावसाळ्यात मी दीड-दोन वाट्या टाकतो, हातानेच चुरडून. मडकी जमिनीवर न ठेवता विटांवर ठेवली आहेत, खालून हवा खेळते. वर पत्र्याचा छोटा आडोसा केलाय पण बाजू बंद केल्या नाहीत, बाजू बंद केल्या तर भोकांचा उपयोगच संपला. भाजीची सालं-देठं रात्रभर चाळणीत निथळत ठेवतो आणि सकाळी टाकतो, एवढ्या एका सवयीने निम्मा त्रास कमी होतो असं माझं मत आहे. आणि दर दोन-तीन दिवसांनी काठीने खालपर्यंत ढवळणं, ते पावसाळ्यात चुकवायचं नाही.

हे सगळं का, तर थोडं शास्त्र. कचरा कुजवतात ते जंतू, त्यांना कर्ब आणि नत्र दोन्ही लागतं, साधारण २५ ते ३० भाग कर्बाला एक भाग नत्र असं प्रमाण त्यांना मानवतं. स्वयंपाकघरातला ओला कचरा नत्राकडे झुकलेला असतो, वाळलेली पानं कर्बाकडे. नुसता ओला कचरा टाकत राहिलात की नत्र जास्त होतं आणि ते अमोनिया होऊन उडतं, मुतारीसारखा नाकात जाणारा वास येतो तो हाच. आणि सडक्या अंड्यासारखा वास आला तर ती गोष्ट वेगळी, तेव्हा आत हवा संपलीय असं समजायचं, पाणी साचलंय. पहिल्याला सुका माल वाढवायचा, दुसऱ्याला आधी ढवळून मोकळं करायचं आणि मग सुका माल टाकायचा. ओलावा बरोबर आहे की नाही हे बघायला आतला माल मुठीत घट्ट दाबायचा, बोटांच्या फटीतून एखाद-दुसरा थेंब निघाला तर उत्तम, धार लागली तर जास्त ओलं, काहीच नाही आणि मूठ उघडल्यावर माल सुटला तर थोडं पाणी शिंपडायचं.

आता सेटबरोबर आलेल्या पावडरबद्दल, कारण खरा खर्च तिथे आहे. मडकी एकदाच घ्यायची असतात, पण विकणारे सांगतात की दर महिन्याला आमचं मिश्रण घ्या, म्हणजे कोकोपीट आणि त्यात जंतूंची पावडर. पहिलं पाकीट जरूर वापरा, सुरुवात चांगली होते. पण पुढची पाकिटं घ्यायची काहीएक गरज नाही. जंतू कचऱ्यावर, पानांवर, हवेत सगळीकडे असतात, आणि एकदा तुमचं पहिलं खत तयार झालं की त्यातलं चाळून उरलेलं जाडंभरडं हेच पुढच्या खेपेचं विरजण. त्याआधी हवंच असेल तर वाटीभर आंबट ताक पाण्यात मिसळून शिंपडा, नाहीतर मूठभर शेण. कोकोपीट वाईट नाही, पाणी भरपूर शोषतं, पण ते स्वतः फारसं कुजत नाही आणि दर महिन्याचा खर्च होऊन बसतं.

पाला मात्र फुकट आहे. ठाण्यात झाडं अजून बरी आहेत, आणि त्यांची पानगळ बरोबर आपल्या सोयीच्या वेळेला असते, साधारण जानेवारी ते एप्रिल. आमच्या आवारात दोन देशी बदाम आहेत, एक सोनमोहर, आणि कंपाउंडला लागून रस्त्यावर मोठा रेन ट्री. रेन ट्रीचा पाला सगळ्यात भारी, बारीक पानं, शेंगवर्गातलं झाड, लगेच कुजतं, चुरडायला लागत नाही. सोनमोहराचं पण तसंच. बदामाचं पान मोठं आणि जाड असतं, ते कडक वाळल्यावर गोणीत भरून वरून तुडवायचं, चुरा होतो. आंब्याचं पान मेणचट, त्याला फार वेळ लागतो, बांबूचंही तसंच, ही दोन्ही मी घेत नाही. झाडू मारणाऱ्या मावशींना सांगून ठेवलं तर त्या आनंदाने वेगळा काढून देतात, त्यांचं ओझं कमी होतं. पाला जाळणं तसंही घनकचऱ्याच्या नियमांनी बंद आहे, तरी पहाटे कुठे ना कुठे धूर दिसतोच, तो पाला अशा गोण्यांत गेला तर किती बरं. येऊरच्या जंगलातून मात्र आणू नका, तो राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, तिथला पाला तिथल्या मातीचा.

पाल्याच्या गोण्या जिन्यात किंवा मीटरच्या खोलीजवळ ठेवायच्या नाहीत, तो सुका पाला आहे, एक ठिणगी पुरते. आम्ही बाल्कनीच्या आतल्या कोपऱ्यात तांदळाच्या रिकाम्या गोण्यांत ठेवतो, तोंड बांधून, खाली फळी टाकून. आधी गच्चीत दोन दिवस कडक ऊन दाखवायचं, ओलसर भरला तर आत बुरशी धरते.

पाला कमी पडला तर रसवंतीवाल्याकडची उसाची चिपाडं हा फार चांगला पर्याय आहे, उन्हाळ्यात ढीग पडलेला असतो, मागितला की देतात. गच्चीवर खडखडीत वाळवायची, नाहीतर साखरेमुळे मुंग्या लागतात, आणि मग कापून टाकायची. श्रीपाद दाभोळकरांच्या प्रयोग परिवाराने घरचा कचरा आणि शेतातलं टाकाऊ वापरून थोड्या जागेत पीक घ्यायचं जे काम केलं त्यातून गच्चीवर बाग करणाऱ्या कितीतरी लोकांनी प्रेरणा घेतली, त्यात चिपाडं हा नेहमीचा माल. अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे आणि पेपर फाडून टाकले तरी चालतात, गुळगुळीत रंगीत कागद नको. भुसा घेताना फार जपून. हल्ली सुतारांकडे खऱ्या लाकडाचा भुसा क्वचितच असतो, प्लायवूड आणि एमडीएफचा असतो आणि त्यात रासायनिक गोंद असतो, जे खत भाजीला घालायचंय त्यात तो नको.

किड्यांबद्दल सगळे विचारतात म्हणून सांगतो. दोन प्रकारचे येतात. एक चिलटं, ती केळ्याच्या आणि आंब्याच्या सालींबरोबर घरात येतात, त्यांची अंडी सालीवरच असतात. उपाय एकच, टाकलेला कचरा कधीही उघडा ठेवायचा नाही, वर बोटभर पाल्याचा थर आलाच पाहिजे. दुसऱ्या जाड, राखाडी-तपकिरी, वळवळणाऱ्या अळ्या. पहिल्यांदा बघितल्यावर आईने मडकी खाली नेऊन ठेवायला सांगितली होती. त्या काळ्या सोल्जर माशीच्या अळ्या असतात, चावत नाहीत, रोग पसरवत नाहीत, ती माशी मोठी झाल्यावर घरातल्या माशीसारखी अन्नावर येऊन बसत नाही, आणि कचरा संपवण्याचा वेग त्यांचा कुणालाच नाही. त्या खूप दिसल्या म्हणजे आत ओलं जास्त आहे एवढाच अर्थ. पाला वाढवला की कमी होतात. औषध मारू नका, सगळे उपयोगी जीव मरतात.

काय टाकायचं काय नाही, याच्या लांब याद्या सेटबरोबर येतात, मी फक्त आपल्या घरांत अडणाऱ्या गोष्टी सांगतो. चहाचा चोथा टाका पण आधी धुऊन, त्यात दूध-साखर असते. अंड्याची टरफलं चुरून टाका, तरी ती तशीच दिसत राहतात, काळजी नको. आंब्याच्या कोया आणि नारळाच्या करवंट्या लवकर कुजत नाहीत, नारळाच्या शेंड्या मात्र मोकळ्या करून टाकल्या तर हवा खेळायला मदत करतात. निर्माल्य उत्तम, गणपतीत आणि दसऱ्याला झेंडूचा नुसता पाऊस असतो, फक्त दोरे आणि तारा काढून. लिंबाची सालं थोडी. तेलकट, तिखट आमटी-भाजी आणि लोणची नकोत, तेलाचा त्रास होतो आणि मीठ खतात साठत जातं, झाडाची मुळं ते सहन करत नाहीत. मासळी खाणाऱ्या घरांनी, आमचंही तसंच आहे, कोळंबीची सालं आणि माशाचे काटे मडक्यात टाकू नयेत, मांजरं आणि माश्या दोन्ही येतील. मोठी कुंडी असेल तर मातीत वीतभर खोल पुरा, झाडांना फार मानवतं.

दोष सांगतो. पहिला वजन. भरलेलं मडकं दहा-बारा किलोच्या पुढे जातं आणि ते उचलून अदलाबदल करायचं असतं. आई एकटी हे करू शकत नाही, घरात फक्त वयस्कर माणसं असतील तर हा सेट घेऊ नका किंवा अदलाबदल करायला कुणी येईल याची सोय बघा, नाहीतर मडकी शेजारी शेजारी ठेवून फावड्याने माल इकडून तिकडे करायचा, तसंही चालतं. दुसरा जाळी. माझ्याकडची सुतळीची होती, ती आतल्या मालाबरोबर स्वतःच कुजली आणि बूड मोकळं झालं. नायलॉनची दोरी आणून मी पुन्हा विणली, आता ठीक आहे, पण अडीच हजाराच्या वस्तूत हे आधीच असायला हवं. तिसरा काठ. झाकण ठेवताना-काढताना काठाचे टवके जातात. मडक्यावर बाहेरून पांढरट थर येतो तो दोष नाही, क्षार आहेत, कोरड्या ब्रशने घासले की जातात.

आता मिळतं काय. चाळल्यावर काळंभोर, भुसभुशीत, पहिल्या पावसाच्या मातीचा वास असलेलं खत. तो वास खरंच तोच असतो, मातीतल्या एका प्रकारच्या जंतूंमुळे येणारा, आणि खत पक्व झाल्याची ती खात्रीची खूण आहे. बारा-पंधरा किलो कचऱ्याचे दोन-तीन किलो होतात. ते नुसतं कुंडीत भरायचं नाही, दबतं आणि क्षार जास्त होतात, एक भाग खताला दोन भाग माती घ्यायची. याच्यावर आमच्याकडे मायाळू ग्रिलभर चढलीय, पावसाळ्यात तिची भजी आणि डाळभाजी घरचीच असते. अळू, गवती चहा, ओव्याची पानं, मिरची, कढीपत्ता. मेथी तर डब्यातल्याच दाण्यांची, तीन-चार आठवड्यांत जुडी निघते. मिरचीला दर महिन्याला मूठभर खत लागतं, कारण घरच्या खतात नत्र फार नसतं, टक्का-दोन टक्के, ते हळूहळू पोसतं. टोमॅटो आणि भोपळ्याची रोपं तर आपोआप उगवतात, कारण एवढ्याशा मडक्यात मोठ्या ढिगासारखी बी मारण्याइतकी उष्णता होत नाही. मी ती उपटत नाही, चांगलं रोप असेल ते वेगळं लावतो. या सगळ्यातून घरची भाजी पूर्ण भागते असं अजिबात नाही, जांभळी नाक्याला जावं लागतंच, पण रोजची फोडणी, चहा आणि पावसाळ्यातल्या पालेभाज्या बऱ्यापैकी घरातून निघतात. आणि ओल्या कचऱ्याचा डबा आम्ही जवळजवळ खाली पाठवतच नाही. ठाण्याजवळच्या दिवा भागातल्या कचऱ्याच्या डम्पिंगचा धूर ज्यांनी वर्षानुवर्षं सोसला त्यांना विचारा याची किंमत काय.

बाकीचे पर्याय थोडक्यात. बोकाशीचा हवाबंद डबा जागा कमी घेतो पण त्यात कचरा फक्त आंबतो, नंतर तो मातीत पुरावाच लागतो, ती जागा फ्लॅटमध्ये कुठून आणणार. गांडुळांचा डबा छान, पण ३५ अंशांच्या पुढे गांडुळं तग धरत नाहीत आणि आपल्या एप्रिल-मेमध्ये पश्चिमेच्या बाल्कनीत त्यांचे हाल होतात. विजेवर चालणारं मशीन काही तासांत भुकटी देतं, ती वाळवून दळलेली असते, पक्व खत नव्हे, कुंडीत ओली झाली की बुरशी येते.

पाचपैकी चार देईन, एक वजन आणि जाळीसाठी कापला. ऑनलाइन मागवण्यापेक्षा दुकानात किंवा घोडबंदर रोडच्या एखाद्या नर्सरीत जाऊन घ्या, डिलिव्हरीत तडे जातात आणि परत पाठवायचा व्याप मोठा असतो. प्रत्येक मडकं उचलून बोटाने वाजवून बघा, खणखणीत आवाज आला पाहिजे, बद्द आला तर कुठेतरी तडा आहे. दोन मडकी एकमेकांवर ठेवून हलवून बघा, डुगडुगायला नकोत, जाळी नायलॉनचीच मागा. आणि घ्यायचा तर जानेवारी-फेब्रुवारीत घ्या, म्हणजे पहिले चार-पाच महिने कोरड्या हवेत हात बसेल आणि तोवर पाल्याच्या गोण्याही भरून होतील.